गिलाव्याखालचा चिरा

एर्नाकुलमहून सुटलेली बोट फोर्ट कोचीच्या धक्क्याला लागली, तेव्हा बाकीचे प्रवासी मासे धरायच्या चिनी जाळ्यांच्या दिशेने गेले. मी उलट्या बाजूला वळले. कल्वती रस्त्यावर जुनी गोदामं एकाला एक लागून उभी आहेत. त्यांतल्या एकाचा पिवळा रंग पोपडे धरून खाली येत होता आणि कमरेच्या उंचीवर हातभर गिलावा निघून आतला दगड उघडा पडला होता. तांबडा, मधेच पिवळसर डाग, भोकाभोकांचा, हात फिरवला की तळव्याला तांबडी पूड लागणारा.

चिरा. आमच्या आचऱ्याच्या घराचा जांभ्याचा चिरा.

भिंती बघायलाच मी कोचीला गेले होते, हे आधी सांगायला हवं, कारण त्यामागे माझी एक चूक आहे. मालवणजवळच्या आचऱ्याचं हे घर पणजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती, शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा, वर मंगळुरी कौलं. आठ वर्षांपूर्वी जुना गिलावा ठिकठिकाणी सुटला, तेव्हा पुण्यात नोकरी करणाऱ्या मी पैसे पाठवले आणि फोनवर फर्मान काढलं, सगळा जुना चुना खरवडून पक्का सिमेंटचा गिलावा करा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. दोन वर्षं भिंती गुळगुळीत दिसल्या. तिसऱ्या पावसात ओल चढली, पाचव्यात रंग फुगला, आणि मागच्या वर्षी माजघराच्या भिंतीतला सिमेंटचा पापुद्रा अख्खा खाली आला. त्याच्यामागचा चिरा बोटाने उकरता येईल इतका भुसभुशीत झाला होता. आबा, माझे थोरले काका, फोनवर एवढंच म्हणाले, "बाय, भिती रडतत गो."

हे असं का झालं ते मला फार उशिरा कळलं. चिरा हा श्वास घेणारा दगड. जमिनीतली ओल तो वर ओढतो, पावसाचं पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडून देतो. चुन्याचा गिलावा त्या वाफेला वाट देतो. सिमेंट ती वाट बंद करतं. पाणी आतच कोंडतं, त्याच्यासोबत आलेले क्षार दगडाच्या छिद्रांत गोठतात आणि दगड आतून फुटतो. ज्या घराला मी पक्कं करायला निघाले होते त्याला मी आतून पोखरलं होतं. तेव्हापासून मी कुठेही गेले की जुन्या भिंतींकडे बघते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात आणि केरळच्या पावसात चिऱ्याच्या भिंती चारचारशे वर्षं कशा टिकल्या, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

या दगडाला जगाच्या पुस्तकात नाव मिळालं तेही केरळातच. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार पालथा घालत होता. मलबारात अंगाडीपुरम इथे त्याने पाहिलं की लोक जमिनीतून मऊ दगड विटेसारखा कापून काढतात आणि हवा लागली की तो कडक होतो. लॅटिनमध्ये विटेला 'लॅटर' म्हणतात, त्यावरून १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने 'लॅटराइट' हा शब्द वापरला. मल्याळीत त्याला वेट्टुकल्लु म्हणतात, म्हणजे कापायचा दगड. आमच्याकडच्या चिरेखाणीवरच्या कुणालाही हे नाव ऐकून आनंद होईल.

कोची हे शहरच मुळी पाण्याने घडवलेलं. १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला, उत्तरेचं मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळाने बुजलं आणि इथे खाडीचं तोंड उघडलं. मग मिरीच्या मागे सगळे आले. पोर्तुगीज १५०० च्या सुमारास, डच १६६३ मध्ये, इंग्रज १७९५ मध्ये. पुस्तकांत या तीन सालांवर सगळं थांबतं. पण त्या गल्ल्यांतून फिरताना जाणवत राहतं की इथल्या इमारतींची नावं फसवी आहेत.

सेंट फ्रान्सिस चर्चचंच घ्या. हिंदुस्थानात युरोपीयांनी बांधलेल्या सर्वांत जुन्या चर्चांत ते मोडतं. १५०३ मध्ये पोर्तुगिजांनी किल्ल्यासोबत लाकडाचं चर्च उभं केलं, १५१६ पर्यंत ते पक्क्या बांधणीचं झालं. तेव्हा ते संत अँथनीचं होतं. डच आले, ते प्रोटेस्टंट. त्यांनी शहरातली बहुतेक कॅथलिक चर्चं पाडली, पण हे ठेवलं, आपल्या पद्धतीने आत फेरफार केले आणि १७७९ मध्ये डागडुजी केली. पुढे ते इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाकडे गेलं आणि 'सेंट फ्रान्सिस' हे नाव त्यांच्या काळात रूढ झालं. आज ते चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे. वास्को द गामा १५२४ साली कोचीत मेला, त्याला इथेच पुरलं. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. पितळी कठड्यात ठेवलेली त्याची शिळा बघायला रांग लागते, आणि त्या शिळेखाली कुणी नाही.

मी मात्र रेंगाळले ती बाजूच्या भिंतींपाशी. फरशीत बसवलेल्या कबरींच्या शिळा पुढच्या एका दुरुस्तीत काढून भिंतींना उभ्या लावल्या आहेत, एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला डच. एकमेकांशी लढलेली माणसं समोरासमोर उभी. छताला अजून जुने कापडी पंखे टांगलेले आहेत. त्यांची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर जाते. प्रार्थना आत चालायची आणि दोरी ओढणारा माणूस बाहेर उन्हात बसायचा. भिंतीतली ती भोकं मी बराच वेळ पाहत होते. गामाची शिळा मला तेवढी आठवत नाही, ती भोकं आठवतात.

जवळचंच सांता क्रूझ बॅसिलिका बाहेरून पांढरंशुभ्र आणि तुलनेने नवं, १९०५ मध्ये अभिषेक झालेलं. पोर्तुगिजांचं मूळ कॅथीड्रल इंग्रजांनी १७९५ मध्ये पाडलं, त्याचा एक दगडी खांब आवारात उभा करून ठेवलाय. आतली चित्रं इटालियन जेझुइट ब्रदर अँतोनियो मोस्केनी यांची. मंगळूरच्या सेंट अलॉयशियस चॅपलच्या भिंती आणि छत रंगवणारे तेच. इथलं काम केलं आणि त्याच वर्षी ते वारले.

मट्टनचेरीला मी चालत गेले. वाटेत हवेचा वास बदलतो, खारेपणा मागे पडतो आणि सुंठ, मिरी, वेलदोडा नाकात शिरतो. मट्टनचेरीच्या राजवाड्याला सगळे 'डच पॅलेस' म्हणतात. रिक्षावाला, पाट्या, नकाशे, सगळे. तो बांधला पोर्तुगिजांनी, १५५५ च्या सुमारास, कोचीचा राजा वीर केरळ वर्मा याला भेट म्हणून. डचांनी १६६३ नंतर दुरुस्ती केली, तेवढ्यावर नाव त्यांचं लागलं. आणि आत पाऊल ठेवलं की पोर्तुगालही नाही आणि हॉलंडही नाही. मधे मोकळा चौक, चारी बाजूंनी दालनं, चौकात राजघराण्याच्या पळयन्नूर भगवतीचं देऊळ. केरळात याला नालुकेट्टु म्हणतात, आपण चौसोपी वाडा म्हणू. परक्याने दिलेलं घरही राजाने आपल्याच घरासारखं बांधून घेतलं.

राज्याभिषेकाच्या दालनात वर बघायचं की खाली, असा प्रश्न पडतो. वर लाकडी छत, त्यावर खाली तोंड केलेली कमळं कोरलेली. खाली काळीभोर, आरशासारखी जमीन. प्रथमदर्शनी संगमरवर वाटते. पण ती करवंट्यांचा कोळसा, चुना, वनस्पतींचे रस आणि अंड्याचा पांढरा बलक घोटून केलेली आहे. हे वाचलं आणि मी पायातलं बळ गेल्यासारखी बाकावर बसले. माझी आजी दिवाळीआधी माजघर सारवायची तेव्हा शेणात करवंटीच्या कोळशाची पूड कुटून घालायची. जमीन काळीकुळकुळीत, तुकतुकीत व्हायची, आणि ती वाळेपर्यंत आम्हा पोरांना पडवीत कोंडून ठेवलं जायचं. आजीच्या सारवणाची आणि या राजदालनाच्या जमिनीची रीत एकाच माडाखाली जन्मलेली होती. घरातली ती जमीनसुद्धा मीच फरशी घालून झाकली आहे.

शेजारच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायण आहे. दशरथाच्या पुत्रकामेष्टीपासून ते अयोध्येला परतण्यापर्यंत. एक इंचही जागा मोकळी नाही. माणसं, वानर, राक्षस, झाडं एकमेकांना खेटून बसलेली, देवांचे डोळे मोठाले, अर्धवट मिटलेले, अंगावर दागिन्यांचा भार. रंग मोजके, गेरूचा तांबडा, पिवळा, हिरवा, काजळीचा काळा, आणि पांढरा म्हणजे भिंतीचा चुनाच. तळघरासारख्या खालच्या दालनात पहुडलेला कृष्ण आहे. हातांनी आणि पायाच्या बोटांनीसुद्धा तो भोवतालच्या गोपींशी खेळतोय. इथे फोटो काढायला मनाई होती आणि मला त्याचं बरं वाटलं, कारण त्यामुळे मी तिथे दीड तास उभी राहिले.

केरळात अशी चित्रं काढण्याआधी भिंत तयार करायची रीत मोठी आहे. चिऱ्यावर आधी चुना आणि वाळूचा जाड थर, मग शहाळ्याच्या पाण्यात कालवलेल्या पातळ चुन्याचे एकावर एक कितीतरी हात. एक वाळला की दुसरा. माझ्या मनात आलं, या भिंतीवर कुणी 'एकदाच काय ते होऊन जाऊ दे' म्हटलं असतं तर?

राजवाड्याच्या पाठीला परदेसी सिनेगॉग आहे, १५६८ चं. राजवाड्याचं देऊळ आणि सिनेगॉग यांच्यात एक भिंत सामायिक. देवळातली घंटा पलीकडे ऐकू जात असणार आणि पलीकडचे पाठ देवळात. १६६२ मध्ये पोर्तुगिजांनी सिनेगॉगची नासधूस केली, डच आल्यावर ते पुन्हा उभं राहिलं. आत चपला काढून जायचं. पायाखाली कँटनहून आणलेल्या, अठराव्या शतकातल्या चिनी फरश्या, पांढऱ्यावर निळी नक्षी, प्रत्येक हाताने रंगवलेली, त्यामुळे एकीसारखी दुसरी नाही. मी चवड्यांवर चालत होते. बाहेरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या लिपींतले आकडे आहेत, हिब्रू, रोमन आणि मल्याळी, ज्याला जे वाचता येईल त्याच्यासाठी ते.

आपल्या रायगडातल्या शनिवार तेल्यांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचं आणि कोचीचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू त्यांच्याकडे धर्मशिक्षक म्हणून आले होते. आज दोन्हीकडची बहुतेक माणसं इस्रायलला गेली आहेत. सिनेगॉगच्या गल्लीचं नाव अजूनही ज्यू टाउन आहे, खिडक्यांच्या गजांवर डेव्हिडचा तारा आहे, पण दुकानं इतरांची आणि घरं कुलूपबंद.

मट्टनचेरीत आणखी एक भाषा कानावर आली आणि मी वळून पाहिलं. "हांगा यो," एक बाई नातवाला कोकणीत बोलावत होत्या. सोळाव्या शतकात गोव्यातून परागंदा झालेले गौड सारस्वत इथल्या चेरळाईत स्थिरावले, त्यांनी व्यंकटेशाचं मोठं देऊळ बांधलं, तिरुमल देवस्वम. त्यांच्याच लोकांचा एक ठसा मला त्या दिवसापासून फार मोलाचा वाटतो. डच कमांडर हेंड्रिक व्हान रीडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. मुखपृष्ठावर नाव व्हान रीडेचं. पण पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन वैद्यांचं प्रमाणपत्र छापलंय, कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत. आणि इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचंही, त्याच्या लिपीत. कोकणीचा छापलेला इतका जुना नागरी मजकूर क्वचितच कुठे असेल, आणि तो एका डच माणसाच्या लॅटिन ग्रंथात बसलेला आहे. भिंतीचा पोपडा निघाल्यावर चिरा दिसावा तसा.

संध्याकाळी एका अरुंद गल्लीत मराठी पाटी दिसली. सोनं गाळून शुद्ध करणारं गलाईचं दुकान. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, हे ठाऊक होतं, पण इथे, मिरीच्या गोण्यांच्या मधे, 'श्री' लिहिलेलं पाहून मी थेट आत शिरले.

"कुठलं गाव म्हणायचं ताई तुमचं?" दादांनी भट्टीवरून नजर न हलवता विचारलं.

"आचरा. मालवणजवळ."

"मग तुमी जवळचंच की!" सांगली आणि आचरा जवळ वाटायला माणसाला कोचीलाच यावं लागतं. वहिनींनी वरच्या माडीवर नेलं, चहा टाकला. पंचवीस वर्षं ते त्या भाड्याच्या घरात राहतात. भिंत हातभर जाडीची, खिडकीच्या कोनाड्यात तुळस ठेवलेली. मी विचारलं, पावसात ओल येते का?

"येती की. आन् जाती," दादा वर येत म्हणाले. "मालक दर साली चुन्याचा हात फिरवतोय. त्या कोपऱ्यात एकदा नळाच्या कामाला शिमिट लावलं हुतं, तेवढंच फुगलंय बघा. बाकीच्या भिताडाला शिमिट न्हाई लागलं म्हणून ते हुबं हाय."

कोपऱ्यातला तो फुगवटा मी जाऊन पाहिला. ताटाएवढा. कडेने पांढरे क्षार फुललेले. माझ्या माजघरासारखेच.

दुसऱ्या दिवशी दादांनीच मला दोन गल्ल्या पलीकडे नेलं. एका जुन्या गोदामाची डागडुजी चालली होती. अंगणात हौदात चुना भिजलेला, शेजारच्या पिंपात गूळ आणि हिरडे कुजत घातलेले, आंबूस गोड वास. ते पाणी चुन्यात कालवून तो घोटत होते. गवंडी साठीच्या पुढचे, अंगात फक्त लुंगी, केसांवर चुन्याची पांढरी धूळ. दादा मल्याळीत विचारायचे आणि मला मराठीत सांगायचे. याला काय म्हणतात? कुम्मायम. किती दिवस भिजवायचा? घाई असेल तर करूच नका. भिंतीवर आधी काय? पाणी. भिंत तहानलेली असेल तर ती चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि गिलावा तडकतो. गिलावा जाड करू नका, पातळ थर द्या, एक सुकू दे, मग दुसरा. किती वर्षं टिकतो? यावर गवंडी हसले आणि लांबलचक काहीतरी बोलले. दादांनी ते दोन शब्दांत आणलं, "करत ऱ्हायाचं."

मी तेच मनात घोळवत समुद्राकडे चालत गेले. किनाऱ्यावर जाळ्यांच्या पलीकडे फोर्ट इमॅन्युएलचे तुकडे वाळूत पडलेत. पोर्तुगिजांचा हा किल्ला, हिंदुस्थानातला युरोपीयांचा पहिला. डचांनी तो आक्रसून घेतला, इंग्रजांनी पाडला. चौकोनी दगड लाटांनी गोल झालेत. ज्यावर दुरुस्तीचा हात फिरला नाही ते असं होतं. त्याच लाटांच्या पुढ्यात चिनी जाळी मात्र पुन्हा पुन्हा खाली जात होती आणि वर येत होती. लाकडाचे लांब वासे, दोरांना लोंबणारे दगड, त्या दगडांच्या भाराने तोल साधत चार-पाच माणसं अख्खी जाळी उचलतात. मासा थोडाच होता. एक म्हातारे मासेमार मधल्या वेळात सुंभाच्या दोरीची एक गाठ उकलून नवी बांधत होते. त्या जाळीतली मूळची दोरी किती उरली असेल, वासे किती वेळा बदलले असतील. तिला चिनी म्हणा नाहीतर काहीही.

तिथूनच आबांना फोन लावला.

"आबा, माजघराचं सिमेंट सगळं खरवडायचं. चुना लावायचाय."

पलीकडे थोडा वेळ फक्त वारा ऐकू आला. मग, "चुनो आता खंय गावतलो? भट्टी घालणारे गेले सगळे."

"मी शोधते."

"आणि लावतलो कोण? गवंड्यांच्या पोरांका सिमेंटच येता." पुन्हा वारा. "माका येता थोडो. बापाशीच्या हाताखाली केलंलंय."

हे मला माहीत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी मी फर्मान काढलं तेव्हा मी त्यांना विचारलंच नव्हतं.

शिंपल्यांचा चुना शेवटी मिळाला, खूप फोन करून, गाडीभाडं देऊन. मार्चमध्ये दोन माणसं लावून सिमेंट काढलं. ते पापुद्र्यांत निघत होतं आणि त्याच्याबरोबर चिऱ्याची साल निघत होती, तेव्हा आबा तिथून उठून पडवीत गेले. पार गेलेले अकरा चिरे बदलावे लागले. आता भिंत उघडी ठेवली आहे, आतली ओल उडून जाण्यासाठी. खळ्यात जुन्या हौदात चुना भिजत घातलाय, वर वीतभर पाणी. शेजारी मडक्यात गूळ आणि हिरडे. आबा सकाळी उठले की आधी हौदात काठी फिरवतात, मग चूळ भरतात, मग चहा.